आळशी गाठ, उद्योगी आकडा

मागच्या हिवाळ्यात एका चर्चासत्राच्या चहापानाच्या वेळी आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. प्राणिशास्त्रात बी.एस्सी., मग घरच्यांशी भांडून एम.ए. मराठी, मग तीनदा नेट, आणि आता काही वर्षे पुण्यातल्या एका कंपनीत मेडिकल कोडिंग. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या नोंदी वाचायच्या आणि बिलासाठी त्यांना कोड लावायचे, हे त्याचे काम. शेजारी उभ्या असलेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी त्याची आपुलकीने चौकशी केली आणि उत्तर ऐकून ते हळहळले. "म्हणजे शेवटी आकड्यांची हमालीच की! वाचन सुटलं म्हणायचं." मुलगा नुसता हसला, कारण तो सुसंस्कृत आहे. आम्ही तितके सुसंस्कृत नसल्यामुळे हा लेख लिहीत आहोत.

आमचे म्हणणे असे की वाचन त्याचे सुटलेले नाही, आपले सुटले आहे. 'संहिता', 'निकटवाचन', 'अर्थाची अनिश्चितता' हे शब्द आपण वर्गात जितक्या सहजतेने उच्चारतो तितक्याच सहजतेने घंटा झाल्यावर विसरतो. त्या मुलाला मात्र एका वाक्यातल्या एका अव्ययावर थांबावे लागते, कारण त्या अव्ययावर कुणाची तरी तपासणी मंजूर किंवा नामंजूर होणार असते. उदाहरणादाखल आम्ही एकच आजार घेतो, फॉलिक्युलर लिम्फोमा. खऱ्या रुग्णाची नोंद तो आम्हांला दाखवू शकत नाही आणि दाखवूही नये; सरावासाठी रचलेले काही अहवाल त्याने आमच्यापुढे ठेवले आणि आम्ही चौघांनी ते एका रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत वाचले. अलीकडच्या कोणत्याही कवितासंग्रहाला आम्ही इतका वेळ दिलेला नाही, हे कबूल करतो.

हा लसिकाग्रंथींचा कर्करोग. मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ येते. दुखत नाही, ताप नाही, आणि वर्षानुवर्षे माणूस धडधाकट हिंडतो. इंग्रजी वैद्यकात अशा रोगांना 'इंडोलंट' म्हणतात आणि आपले डॉक्टर रुग्णाला समजावताना 'आळशी कॅन्सर' असे त्याचे मराठी करतात. शब्दाचा मूळ अर्थ आळशी नव्हे. लॅटिनमध्ये तो 'न दुखणारा' असा आहे. दुखत नाही म्हणून हलत नाही, हलत नाही म्हणून आळशी, असा त्याचा प्रवास झाला. सुश्रुतसंहितेत अर्बुदाची लक्षणे सांगताना मंद वेदना, सावकाश वाढ आणि न पिकणे ही एकत्र आलेली आहेत. (प्राचीनांना सारे ठाऊक होते असे आम्हांला सुचवायचे नाही. गाठीच्या संथपणाकडे लक्ष देणारी भाषा आपल्याकडेही होती, इतकेच.) ह्या आजाराच्या बाबतीत संथपणा हे लक्षणांतले एक लक्षण नाही, तो आजाराचा स्वभाव आहे. डॉक्टर काय करणार, केव्हा करणार, करणार की नाही, सारे त्यावर ठरते. आणि नेमका तोच कोडात नाही. तिथे आम्ही पुढे येऊच.

प्रथम निदान. सुईने चार पेशी ओढून काढल्या तर त्या पेशी कोणत्या हे कळते, पण ग्रंथीची रचना कळत नाही. म्हणून शक्य असेल तिथे अख्खी गाठ काढून बायोप्सी करतात. शब्द सुटे मिळाले तरी वाक्यरचना पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही, हे भाषेच्या प्राध्यापकांना वेगळे सांगायला नको. मग पेशींवर सीडी२०, सीडी१०, बीसीएल२, बीसीएल६ ह्यांचे रंग चढवून पाहतात. बहुसंख्य रुग्णांत चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली सापडते. आणि मग श्रेणी. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली, एकेका दृश्यक्षेत्रात, सेंट्रोब्लास्ट नावाच्या मोठ्या पेशी मोजायच्या. सरासरी ० ते ५ असल्या तर श्रेणी १, ६ ते १५ असल्या तर श्रेणी २, पंधराच्या वर गेल्या तर ३. तिच्यातही पुन्हा ए आणि बी. पाच आणि सहा ह्यांच्यात निसर्गाने रेघ मारलेली नाही. दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्ट एकाच काचेवर दोन श्रेणी देऊ शकतात, हे त्या शास्त्रातही उघड आहे. म्हणून २००८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने १ आणि २ ह्या श्रेणी एकत्र धरायला सांगितले, आणि २०२२ च्या पाचव्या आवृत्तीने नेहमीच्या फॉलिक्युलर लिम्फोमात श्रेणी देणे ऐच्छिकच करून टाकले. त्याच वर्षी निघालेल्या दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने मात्र श्रेणी राखल्या. म्हणजे वाद जिवंत आहे.

आता कोडांचे पुस्तक उघडा. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम वापरतात. त्यात सी ८२ हे ह्या आजाराचे घर. सी ८२.० म्हणजे श्रेणी १, सी ८२.१ म्हणजे श्रेणी २, सी ८२.३ म्हणजे ३ए, सी ८२.४ म्हणजे ३बी. अहवालात 'श्रेणी १-२' असे लिहून येते, जसे ते २००८ पासून येणे रास्त आहे, तर पुस्तकात त्याला फळीच नाही. श्रेणी लिहिलीच नाही, जसे २०२२ नंतर न लिहिणे रास्त आहे, तर उरतो सी ८२.९, 'अनिर्दिष्ट'. ज्या डॉक्टरने अद्ययावत शास्त्राप्रमाणे लिहिले त्याच्या रुग्णाची नोंद अनिर्दिष्ट ठरते. विमा कंपन्यांच्या लेखी 'अनिर्दिष्ट' म्हणजे निष्काळजी. ज्याने जुन्या सवयीने एक आकडा ठोकून दिला त्याची नोंद नेमकी!

हे प्रथमच घडते आहे असे नाही. १९२५ साली ब्रिलने आणि १९२७ साली सिमर्सने हा विकार वर्णिला तेव्हा तो त्यांच्या नावांनी ओळखला जाई. पुढे रॅपपोर्टने त्याला 'नोड्युलर' म्हटले. १९८२ च्या वर्गीकरणात 'फॉलिक्युलर' आले आणि रुग्णालयांतून 'नोड्युलर' हळूहळू हद्दपार झाले. बिलांतून मात्र नाही. तिथे २०२.० ह्या जुन्या कोडाखाली 'नोड्युलर लिम्फोमा' ३० सप्टेंबर २०१५ पर्यंत नांदत होता. प्रयोगशाळेत मेलेला शब्द हिशेबाच्या वहीत तेहतीस वर्षे जगला. शब्दकोश हे भाषेच्या मागून चालतात हे आपण शिकवतो. पण ह्या शब्दकोशाप्रमाणे बोलला नाहीत तर पैसे मिळत नाहीत, ही अट आपल्या कोणत्याही कोशाला घालता आलेली नाही.

विभक्ती-प्रत्ययांच्या तासाला झोपणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अहवालात 'फॉलिक्युलर लिम्फोमाशी सुसंगत' असे लिहिले आहे असे समजा. रुग्ण बाह्यरुग्ण विभागात असेल तर 'सुसंगत', 'संभाव्य', 'संशयित' ह्या शब्दांनी लपेटलेले निदान कोड करता येत नाही. तिथे नुसती सुजलेली ग्रंथी, म्हणजे आर ५९, एवढेच लिहायचे. तोच रुग्ण दाखल झालेला असेल आणि घरी जाताना निदान त्याच शब्दांत उरले असेल, तर ते सिद्ध झाल्याप्रमाणे कोड करायचे. एकच वाक्य, जिन्याच्या खाली शंका, वर निश्चिती. शिवाय बाह्यरुग्णाच्या बाबतीत पॅथॉलॉजिस्टचा अंतिम अहवाल थेट प्रमाण मानता येतो. दाखल रुग्णाच्या बाबतीत उपचार करणाऱ्या डॉक्टरने तेच स्वतःच्या हाताने लिहीपर्यंत तो अहवाल कोडरसाठी जणू अस्तित्वातच नसतो. लेखक कोण हा प्रश्न आपण पॅरिसहून मागवतो. तो मुलगा दररोज रात्री सोडवतो. अर्थ लागला नाही तर त्याने डॉक्टरला शंकापत्र धाडायचे, पण प्रश्नात उत्तर सुचवायचे नाही, असा दंडक आहे. आमच्या तोंडी परीक्षांना हा दंडक लावला तर निम्मे परीक्षक घरी बसतील. असो.

इथवर आम्ही त्या ज्येष्ठांशी भांडलो. आता त्या मुलाच्या धंद्याशीही भांडायला हवे, नाहीतर ही नुसती वकिली होईल.

त्या धंद्याचे एक ब्रीद आहे: जे लिहिले नाही ते घडले नाही. हिशेबनीसाची शिस्त म्हणून ते ठीक आहे. पण एकदा ते तत्त्वज्ञान झाले की त्याची उलट बाजूही खरी मानली जाते, जे लिहिले तेच घडले. आमच्या गटातल्या एकाची थोरली बहीण तिकडे मुलीजवळ राहते. तिला हाच आजार आहे. उपचार झाले, गाठी विरल्या, आणि डॉक्टर दर काही महिन्यांनी तपासत राहिले. एका भेटीच्या नोंदीत डॉक्टरने सवयीने लिहिले 'हिस्टरी ऑफ फॉलिक्युलर लिम्फोमा'. दवाखान्याच्या बोलीत ह्याचा अर्थ 'हिला हा आजार आहे, आपल्याला ठाऊकच आहे'. कोडाच्या भाषेत 'हिस्टरी ऑफ' म्हणजे इतिहास, म्हणजे संपले. कोड लागला झेड ८५.७२, पूर्वी होऊन गेलेला लिम्फोमा. पुढे मानेत पुन्हा एक गाठ हाताला लागली, स्कॅन सांगितला, आणि विमा कंपनीने तो नाकारला. बऱ्या झालेल्या आजारासाठी स्कॅन कशाला? दुरुस्तीची पुरवणी लिहून घेणे, ती पाठवणे, पुन्हा अर्ज करणे ह्यात अकरा आठवडे गेले. सुदैवाने गाठ वाढलेली निघाली नाही. पण त्या अकरा आठवड्यांत ताई रोज सकाळी आरशासमोर मान चाचपत होत्या, आणि त्यांचा भाऊ इथे आमच्याबरोबर बसून विचारत होता, "ती नोंद कुणी वाचली असेल? आपल्याच पोरांपैकी एखाद्यानं?" कोण जाणे. कोडरने नियमाबाहेर काही केले नव्हते. डॉक्टरनेही बोलीबाहेर काही केले नव्हते. दोन बोलींच्या मधल्या दरीत बाई उभ्या होत्या.

ह्यावर तुम्ही म्हणाल, मग 'रेमिशन', म्हणजे उपशम, असे का लिहिले नाही? उत्तर मोठे मासलेवाईक आहे. ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत ह्या आजाराच्या उपशमाला त्या पुस्तकात कोडच नव्हता. उपशमातला रुग्णही चालू आजाराच्याच कोडात बसवायचा असे. १ ऑक्टोबर २०२४ पासून पाचव्या स्थानी 'ए' हे अक्षर आले: सी ८२.०ए म्हणजे श्रेणी १, उपशमात. पाचव्या स्थानी आधी काय असते? जागा. १ म्हणजे डोके-मान, ३ म्हणजे पोट, ४ म्हणजे काख, ५ म्हणजे जांघ, ८ म्हणजे अनेक ठिकाणी. ते घर एकच आहे. आजाराला जागा द्या किंवा काळ द्या, दोन्ही एकदम देता येत नाहीत. कोणे एके काळी मानेत होता आणि आता शांत आहे, हे वाक्य सी ८२ च्या व्याकरणात रचताच येत नाही. काळ आलाही तो असा, स्थळाला बाहेर काढून.

आणि संथपणा? त्याला अक्षरही नाही, आकडाही नाही. लक्षणे नसलेल्या कित्येक रुग्णांना अनेक वर्षे औषध देत नाहीत, फक्त पाहत राहतात. ही हयगय नव्हे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत लगेच क्लोरँब्युसिल दिलेले आणि नुसते निरीक्षणाखाली ठेवलेले रुग्ण ह्यांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. २०१४ च्या चाचणीत रिटक्सिमॅब दिल्याने पुढच्या उपचारांची वेळ लांबली, आयुर्मानातला फरक तिथेही दिसला नाही. काहींच्या गाठी आपोआप लहान होतात. काहींचा आजार मात्र एखाद्या वर्षी रूप बदलून वेगवान होतो, आणि म्हणूनच पाहत राहायचे असते. हे पाहणे म्हणजे ह्या आजारातली अर्धी वैद्यकी. परंतु 'औषध न देता निरीक्षणाखाली' असे सांगणारे अक्षर सी ८२ मध्ये नाही. वीस वर्षे शांत असलेली गाठ आणि उद्या औषध सुरू व्हायची गाठ एकाच कोडात शेजारी बसतात. न्याय्यपणे सांगायचे तर २०२१ पासून भेटीचे मोल निर्णयाच्या गुंतागुंतीवर किंवा लागलेल्या वेळेवर ठरवता येते, आणि औषध न देणे हाही निर्णयच. पण त्या भेटीपुढे शिरेतून दिलेल्या औषधाचे बिल ठेवून पाहा. मेडिकेअर दवाखान्याला अशा औषधाच्या सरासरी विक्रीकिमतीवर ६ टक्के देते (कपातीनंतर हातात पडतात ते कमी). औषध महाग तितके ते ६ टक्के मोठे. संयमावर टक्केवारी नाही.

दुसऱ्या टोकाची गंमतही पाहा. तिथल्या खाजगी कंपन्यांनी चालवलेल्या मेडिकेअर योजनांना सरकार रुग्णाच्या आजारपणाप्रमाणे पैसे देते, आणि जुनाट आजार दर कॅलेंडर वर्षात पुन्हा नोंदवावा लागतो. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री हिशेबात सारे रुग्ण ठणठणीत होतात आणि जानेवारीत एकेकजण डॉक्टरकडे जाऊन पुन्हा आजारी पडतो. मग नोंदींतून आजार शोधून काढणारे वाचक नेमले जातात. एका खोलीत आजार नाही म्हणून पैसे वाचवायचे, दुसऱ्या खोलीत आजार आहे म्हणून पैसे मिळवायचे, वाचणारा तोच. नसलेले आजार चढवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या न्याय खात्याने १८६३ च्या फसव्या दाव्यांच्या कायद्याखाली खटले भरलेले आहेत. आपल्याकडच्या काही टीकाकारांची वाचनपद्धतीही ह्याहून फार निराळी नाही, पण त्यांच्यावर खटले भरत नाहीत.

ह्या साऱ्यापुढे साहित्याचे लोक काय म्हणतात? सुझन सोंटॅग म्हणतात. १९७८ चे 'इलनेस ॲज मेटाफर' हे पुस्तक आपल्या चर्चासत्रांत आजाराचा विषय निघाला की टेबलावर येते आणि विषय तिथेच संपतो. कर्करोगावर चढवलेली रूपके रुग्णाला छळतात, आजाराकडे रूपकाविना पाहावे, हे तिचे म्हणणे ज्या काळी आणि ज्या अनुभवातून आले त्याचा आम्ही आदर करतो. पण रूपक पुरते काढून टाकल्यावर काय उरते, हे आज आपल्यासमोर आहे. सी ८२.९० हा पूर्णपणे रूपकमुक्त आजार आहे. त्यात युद्ध नाही, शत्रू नाही, दोष नाही, शाप नाही. त्यात ताईही नाहीत. आणि त्याने त्यांना जे अकरा आठवडे छळले ते कोणत्याही रूपकाने छळले नव्हते. छळ रूपकांच्याच वाटेने येतो असे धरून आपण सत्तेचाळीसहून अधिक वर्षे एकाच दारावर पहारा देत बसलो.

वर्गीकरण नको असे आम्ही म्हणत नाही, गैरसमज नसावा. ह्या यादीची पूर्वज म्हणजे झाक बर्तियों ह्याने १८९३ मध्ये मांडलेली मृत्युकारणांची यादी. मेलेल्यांची मोजणी नीट व्हावी म्हणून ती जन्मली. मुंबईत १९६३ साली कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिच्यामुळे आपल्या शहराबद्दल जे कळले ते कोणत्याही कादंबरीने सांगितले नसते. तिथे मोजणारा मोजून ठेवतो. मोजण्यावर रुग्णाचे पैसे अडत नाहीत. मोजण्यासाठी केलेली यादी दाम ठरवण्यासाठी वापरली की तिच्यातली प्रत्येक रिकामी जागा कुणाच्या तरी खिशात किंवा मानेत जाऊन टोचते. बोकर आणि स्टार ह्यांनी १९९९ मध्येच ह्या यादीसकट वर्गीकरणांवर अख्खे पुस्तक लिहिले. ते समाजशास्त्राच्या फळीवर आहे, म्हणून आमच्या विभागातल्या कुणी उघडले नाही. आम्हीही ह्या वर्षी उघडले.

विद्यार्थ्याकडे परत येऊ. त्याच्या कंपनीत आता पहिला कोड यंत्र सुचवते आणि माणूस तो तपासतो. यंत्राला 'हिस्टरी ऑफ' मधला इतिहास कळतो, बोली कळत नाही. तिथे अजून त्याला विचारतात. त्या रविवारी त्याने शेवटी एक ओळ पुढे केली, सरावातलीच: फॉलिक्युलर लिम्फोमा, स्थिर, निरीक्षण चालू. त्याने विचारले, "सर, ह्यातलं 'स्थिर' हे आजाराचं विशेषण आहे की रुग्णाचं?" आम्ही चौघांनी पाऊण तास वाद घातला. दोघांचे मत आजाराचे, एकाचे रुग्णाचे, आणि ताईंचा भाऊ म्हणाला, डॉक्टरचे.

ह्या अहवालांपैकी एक, अनाम, एम.ए.च्या दुसऱ्या सत्रातल्या शैलीविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेसाठी संहिता म्हणून लावावा असा प्रस्ताव आम्ही अभ्यास मंडळाकडे दिला होता. 'विषय वाङ्मयबाह्य' असा शेरा घेऊन तो परत आला. शेऱ्याखाली सही आहे, तारीख नाही. तारीख घालून द्यावी अशी विनंती करून आम्ही तो ह्याच आठवड्यात पुन्हा पाठवला आहे.